हवेची वाट

गेम फुकट आहे.
म्हणजे पाच खोल्या फुकट, एक मशाल, दोन सांगाडे
आणि दारात ठेवायला लाकडी पेटी, तिच्यात काही नाही.
पुढची खोली खोदायला चार तास.
हिरे विकत घेतले तर लगेच.
हिरे मी घेत नाही. माझ्याकडे तासच आहेत,
अमळनेरच्या मे महिन्यातले, बारा ते पाच,
जेव्हा पत्र्याखालचं कुत्रंसुद्धा
जीभ आत घ्यायचा कंटाळा करतं.

असा दीड वर्षात सातव्या मजल्यापर्यंत खाली गेलो.
भुयारं, चकवे, पाय पडताच निसटणाऱ्या फरश्या,
एक आंधळा अजगर,
एक दालन जिथे नाण्यांचा ढीग
आणि ढिगाखाली तोंड.
माझं तिथलं नाव काळापाषाण.
कुठल्या कुठल्या देशांतले लोक तलवारी घेऊन उतरले
आणि माझ्याकडे मेले.
एक हजार चारशे बारा. आकडा कोपऱ्यात दिसतो.

आबा विहिरी खोदतात. फुटावर भाव.
माती, मुरूम, मांजऱ्या, मग पाषाण,
मग सुरुंग, मग नशीब.
त्या दिवशी क्रेनचा दोर बदलायचा होता, काम बंद.
माझ्या खाटेच्या कडेला बसले, चष्मा पुसला,
फोन आधी उलटा धरला, मग सुलटा.
मला वाटलं, विचारतील, पैसे मिळतात का याचे.
एका भिंतीवर बोट ठेवून म्हणाले,
"आठे हवा कथाईन येस?"

म्हटलं, आबा, हा गेम आहे.
"मंग सात मजला खाले
तुन्या मशाली कशा जयतस?"

मला उत्तर आलं नाही.
बोटाने त्यांनी खोल्या मोजल्या, एकेक,
जशी बोरीकाठची जमीन चालत मोजतात.
म्हणाले, जुन्या विहिरीत आधी दिवा सोडायचा.
"दिवा इझना ते मानूस उतारानं नही."
हिलाल आप्पांचं नाव घेतलं नाही. घेत नाहीत.
मोटर काढायला आप्पा उतरले तेव्हा
कंदील घरी खुंटीला होता. मी सहावीत होतो.
बास एवढंच.

रात्री अजगर विकला.
गेममध्ये हवेची वाट नावाची वस्तू मिळत नाही,
म्हणून उभी विहीर घेतली, कोरडी,
सातपासून थेट वरपर्यंत.
आबा शेजारी जागे होते. "जरा डावीकडे," म्हणाले,
"तठे खडक कच्चा शे."
तिथे खडक नव्हताच, ठिपके होते.
मी डावीकडे घेतली.

आता लोक पहिल्यासारखे मरत नाहीत.
भुयारात शिरतात, थोडं लुटतात, दोर फेकतात
आणि हवेच्या वाटेने निघून जातात.
क्रमांक नव्वदवरून सहाशे चाळीसवर.
एकाने मला फक्त हसरा चेहरा पाठवला.
एकजण येतो, पत्र्याचं शिरस्त्राण, हातात काही नाही.
नाण्यांकडे बघत नाही.
विहिरीच्या तळाशी उभा राहतो, वर तोंड करून.
वर मी ठेवलेला आकाशाचा चौकोन, रुपयाएवढा.
तो कुठे राहतो, त्याच्याकडे तेव्हा किती वाजलेले असतात,
ठाऊक नाही.
त्याच्यावर सांगाडे सोडत नाही मी.

काल आबा पारोळ्याकडे नव्या कामावर निघाले.
डब्याच्या पिशवीत कंदील मीच ठेवला होता.
त्यांनी वरून चाचपून पाहिला, काच कुठे आहे ते,
आणि गाडीला किक मारली.

मी फोन उघडला. तीस सेकंद साबणाची जाहिरात.
मग रोजचीच चौकट:
तुमच्या भुयाराला वरून भोक पडलं आहे.
बुजवायचं का?
आज फुकट.